मरायला नकार देणारी पेशी

कॅन्सर म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, असं आपण ऐकत आलोय. ती अर्धीच गोष्ट आहे! उरलेली अर्धी मला जास्त थरारक वाटते: या पेशी वेळ आली तरी मरत नाहीत.

बिघडलेल्या पेशीने स्वतःहून संपायचं, ही शरीराची रीत. तिला अपोप्टोसिस म्हणतात. १९७२ साली हे नाव देताना पानगळीसाठीचा ग्रीक शब्द घेतला गेला.

१९८८ मध्ये मेलबर्नला डेव्हिड वॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी लिम्फोमा या कॅन्सरमध्ये सापडलेलं बीसीएल-२ हे जनुक उंदराच्या रक्तपेशींत घातलं. मग त्या पेशींना जगायला लागणारा वाढघटकच काढून घेतला. साध्या पेशी मेल्या. बीसीएल-२ असलेल्या पेशी वाढल्या नाहीत, पण मेल्याही नाहीत. नुसत्या तग धरून राहिल्या! म्हणजे हे जनुक वाढ घडवत नव्हतं, मरण अडवत होतं.

एरवी मरणाचा निरोप आला की मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोकं पडतात, सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर सांडतं आणि कॅस्पेज नावाच्या कात्र्या चालू लागतात. बीसीएल-२ ती भोकंच पडू देत नाही. केमोथेरपीची बरीच औषधंही याच वाटेने पेशी मारतात, म्हणून अशा पेशी औषधांना सहजी दाद देत नाहीत.

व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी नेमकी बीसीएल-२ची मानगूट धरते. २०१६ मध्ये अमेरिकेत तिला सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली. तिने पेशी इतक्या झपाट्याने मरू शकतात की त्यांचा मलबा मूत्रपिंडांना झेपत नाही. म्हणून सीएलएलमध्ये डोस २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत नेतात.