उच्चार एक, स्पेलिंग दोन

इंग्रजीत 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे सरदारही. उच्चार एकच, फक्त सरदाराच्या स्पेलिंगमध्ये आरंभी 'के' जादा. बोलायचा नाही तर हा 'के' लिहायचा कशाला, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर भाषेच्या इतिहासात मिळते.

चौदाव्या शतकात हा 'के' उच्चारला जाई. मधले 'जीएच'ही मुके नव्हते; त्यांचा उच्चार 'ख'च्या जवळचा, घासून निघणारा होता. जर्मन भाषेतील 'क्नेख्त' (चाकर) या भाऊबंद शब्दात हे दोन्ही ध्वनी आजही ऐकू येतात. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना सुरू केला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावले. उच्चार मात्र बदलत राहिले. बोलण्यातून गेलेली अक्षरे कागदावर तशीच राहिली.

स्वरांचेही तेच झाले. 'मीट' म्हणजे भेटणे, यात 'डबल ई'. 'मीट' म्हणजे मांस, यात 'ई-ए'. पूर्वी हे स्वर वेगळे होते, पुढे एक झाले. 'ग्रेट', 'ब्रेक' असे थोडे शब्द या बदलातून सुटले; म्हणून तेथे 'ई-ए' असूनही आपण 'ए' म्हणतो.

मराठीतही असे घडते. 'शिर' म्हणजे डोके, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. बोलताना दोन्ही सारखेच. पहिल्यातील ऱ्हस्व इकार संस्कृतातून आला व लेखनात टिकला.

मग योग्य शब्द ओळखायचा कसा? कान येथे अपुरा पडतो. वाक्य मदतीला येते. 'देअर'नंतर 'बुक' आले व अर्थ 'त्यांचे पुस्तक' असा असेल, तर स्पेलिंग 'टी-एच-ई-आय-आर'. 'तेथे' असा अर्थ असेल तर 'टी-एच-ई-आर-ई'. येथे, तेथे, कोठे या तिन्हींच्या इंग्रजी शब्दांत 'एच-ई-आर-ई' ही अक्षरे सापडतात. उलट 'ऐकणे' या अर्थाच्या 'हिअर'मध्ये 'इअर', म्हणजे कान, दडलेला आहे.

म्हणून श्रुतलेखनात असे शब्द सुटे सांगू नयेत, वाक्यात घालून सांगावेत. सुटा 'मीट' ऐकून मुलाने दोहोंपैकी कोणतेही स्पेलिंग लिहिले, तरी त्याने बरोबरच ऐकलेले असते. तेथे लाल फुली मारण्यापूर्वी आपण प्रश्न पुरेसा विचारला होता का, हे पाहावे.