गुडघ्यामागची गाठ आणि आतून बसवलेली नळी

गुडघ्यामागच्या लवणीत हाताला लागणारी गाठ पुष्कळदा बेकर सिस्ट, म्हणजे सांध्यातल्या पाण्याची पिशवी निघते. पण ती बोटांखाली नाडीसारखी उडत असेल, तर तिथली धमनीच फुगलेली असू शकते. अशा वेळी ‘शीर चढली असेल’ म्हणून मालीश करून घेणं अंगाशी येईल.

‘फुटली तरच धोका’ हा सगळ्यात घातक गैरसमज. पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्याबाबत ती धास्ती रास्त आहे. गुडघ्यामागचा मात्र क्वचितच फुटतो. तो तुंबतो. फुगलेल्या भागात रक्त रेंगाळतं, भिंतीला गुठळ्या धरतात आणि त्यांचे तुकडे पोटरीतल्या बारीक धमन्यांत जाऊन अडकतात. पाऊल अचानक गार, फिकट, बधिर पडतं. तासाभराचा उशीरही मग पायाच्या मुळावर येतो. म्हणूनच काही दुखत नसलं तरी साधारण २ सेंटीमीटरपेक्षा मोठा फुगवटा दुरुस्त करावा, असं सर्जन सांगतात. आत गुठळी दिसली तर त्याहून लहानही.

दुखणं एकाच पायाचं असतं, हेही खरं नाही. जवळपास निम्म्या रुग्णांत दुसरा पायही फुगलेला सापडतो, आणि बऱ्याच जणांत पोटातली महाधमनीसुद्धा. सोनोग्राफी तिन्ही ठिकाणची हवी. रुग्ण बहुतेक साठीपुढचे पुरुष, त्यात धूम्रपान करणारे फार.

ही दुरुस्ती आतून स्टेंट ग्राफ्ट बसवूनही करता येते. ‘स्टेंट म्हणजे हृदयात घालतात तोच ना?’ नव्हे. तिथे अरुंद झालेली नळी उघडी ठेवायची असते, इथे रुंदावलेली वगळायची असते. स्टेंट ग्राफ्ट म्हणजे धातूची जाळी आणि तिला कृत्रिम अस्तर. जांघेतल्या धमनीतून, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत, तो फुगवट्यापलीकडे नेऊन उघडतात. त्याची दोन्ही टोकं निरोगी धमनीत घट्ट बसली की रक्त आतून वाहतं आणि बाहेर कोंडलेलं गोठून जातं. गाठ कापून कोणी काढत नाही. फुगवट्याला हात न लावण्याची कल्पना तशी जुनीच: १७८५ साली लंडनमध्ये जॉन हंटरने एका गाडीवानाची धमनी गुडघ्याऐवजी वर मांडीत बांधली होती, आणि आजूबाजूच्या लहान वाहिन्यांनी त्याचा पाय जगवला.

राहिला ‘टाके नाहीत, म्हणजे हेच उत्तम’. इथे जाहिरातीपेक्षा गुडघ्याचं ऐकावं. तो दिवसभर वाकतो, त्याच्याबरोबर ती नळीही वाकते. कधी मुडपते, तुटते, गुठळीने बंद पडते. प्रकृती ठणठणीत आणि पायातली शीर चांगली असेल, तर त्या शिरेचा बायपास सहसा जास्त टिकतो. वय झालेल्या, हृदय कमजोर असलेल्या माणसाला मात्र स्थानिक भुलीवर होणारा स्टेंट ग्राफ्ट मोठाच आधार. फक्त खालच्या धमन्या मोकळ्या हव्यात. नंतर रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या आणि ठरावीक काळाने डॉपलर सोनोग्राफी आलीच. मांडी घालून किंवा उकिडवं किती वेळ बसायचं, हे घरी जाण्याआधीच सर्जनला विचारून घ्यावं.