कोळशाच्या खाणी व भोंवतालच्या विहिरी

सोलापूरच्या बागाईतदारास कोळशाच्या खाणींची पंचाईत कशाला, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. शुक्रवार पेठेंत बसून आम्हीं चंद्रपुराकडील विहिरींविषयीं लिहावें हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक दिसेल खरें. आपल्या जिल्ह्याच्या पोटांत काळ्या पाषाणाचे थर आहेत, कोळसा नाहीं. परंतु दक्षिण सोलापूर तालुक्यांत फताटेवाडी व आहेरवाडी या गांवांजवळ १,३२० मेगावॉटचें कोळशावरील वीजकेंद्र आहे. कोळसा जळल्यावर राख उरते, आणि राखेच्या तळ्यांतून पाणी मुरतें कीं काय, हा प्रश्न शेजारच्या विहिरवाल्यास टाळतां येत नाहीं. त्याचा धडा वर्धेच्या खोऱ्यांत, खाणींच्या मुलखांत, घेणें बरें.

चंद्रपूर, घुग्गुस, बल्लारपूर व वणी येथील कोळसा बराकर मालेच्या वाळूखडकांत सांपडतो. आपल्या पाषाणाचें वय सुमारें साडेसहा कोटी वर्षें. हा कोळसा पंचवीस कोटींहून जुना. पुष्कळ ठिकाणीं त्यावर कामठी मालेचा वाळूखडक पसरलेला असून तो पाणी चांगलें धरतो व सोडतो. आपल्याकडे पाणी मुरमांत आणि पाषाणाच्या भेगांत असतें, म्हणून एकाच बांधाला एक विहीर तुडुंब तर दुसरी कोरडी. वाळूखडकांत कणाकणांमध्यें पाणी असतें. उघड्या खाणींत तें उपसल्यावांचून काम होत नाहीं. तळाशीं पंप बसले कीं ओढ चहूंकडे पसरते, आणि ज्याच्या शेतांत खाणीचा खडासुद्धां पडला नाहीं त्याच्याही विहिरीचें पाणी खालीं जाऊं शकतें.

पाण्याच्या गुणाचा प्रश्न अधिक नाजूक. कोळशाच्या थरांत गंधक व लोह यांचें संयुग असतें. त्यास हवा व पाणी लागलें म्हणजे गंधकाम्ल तयार होतें. मेघालयाच्या जयंतिया टेकड्यांतील नद्या खाणींच्या पाण्यानें अशाच आंबट झाल्या. इकडील कोळशांत गंधक मानानें थोडा, व खडकांतील चुन्यामुळें आम्ल बरेंच मरतें; पाणी आंबट लागत नाहीं, पण त्यांतील सल्फेट व जडपणा वाढूं शकतो. तेव्हां जिभेच्या परीक्षेवर विसंबूं नये. फ्लोराइडची गोष्ट याच्या उलट. चंद्रपूर जिल्ह्यांत कांहीं गांवीं तें मूळच्या खडकांतूनच पाण्यांत उतरतें. पिण्याच्या पाण्यांत त्याची मर्यादा लिटरमागें १ मिलिग्रॅम, व दुसरें पाणीच नसल्यास १.५. असा दोष खाणीच्या माथीं मारून नुकसानभरपाई मागणाऱ्याचा खरा दावाही फसण्याचा संभव असतो. खडकाचा दोष कोणता व खाणीचा कोणता हें सांगणारा भरंवशाचा साक्षीदार म्हणजे खाण सुरू होण्यापूर्वींचें त्याच विहिरीचें टिपण. आणि तें मागाहून तयार करतां येत नाहीं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते. त्यांत आपली विहीर असेलच असें नाहीं. म्हणून खातेदारानें स्वतः वही ठेवावी. मे महिन्याच्या अखेरीस व पुनः पावसाळ्यानंतर, पहाटे पंप लावण्यापूर्वीं, कांठावरील एकाच खुणेपासून माप घ्यावें. तारीख व गट नंबर लिहावा. नमुन्याची बाटली त्याच पाण्यानें तीनदां विसळावी. खाणीपासून दूर, चढाच्या अंगाची एक विहीर तुलनेसाठीं धरावी, नाहींतर कमी पावसाचें खापर उगाच खाणीवर फुटेल. दोर ओला होऊन ताणतो, सबब पोलादी फीत बरी. बोअरमध्यें पाणी दिसत नाहीं तेथें फितीच्या टोंकास खडू चोळून ती आंत सोडावी, खुणेशीं आलेला आंकडा लिहून घ्यावा व फीत वर काढावी. खडू भिजला असेल तेवढी लांबी वजा केली कीं पाण्याची खोली निघते.