अर्ध्या मात्रेची काटकसर

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी तो म्हणून दाखवील : स, ला, ते, स, ला, ना, ते. ही झाली द्वितीया. मग ने, ए, शी वगैरे तृतीया. आणि चतुर्थी? पुन्हा स, ला, ते. स, ला, ना, ते. एकाच तक्त्यात दोन ओळी अक्षराला अक्षर सारख्या, आणि दोन्ही पाठ करायच्या. ‘मुलाला’ ही द्वितीया की चतुर्थी, या प्रश्नावर स्पर्धा परीक्षांत गुण मिळतात आणि जातातही. हा तक्ता भाषेचं वर्णन करतो, की दुसऱ्या कुठल्या तरी भाषेच्या वर्णनाची नक्कल करतो, हा प्रश्न मात्र गुणपत्रिकेत बसत नाही.

व्याकरणाचा इतिहास एका अर्थानं काटकसरीचा इतिहास आहे. पतंजलीच्या महाभाष्यात एक गोष्ट येते : बृहस्पतीनं इंद्राला एकेक शब्द उच्चारून भाषा शिकवायला घेतली. हजार दिव्य वर्षं गेली, तरी शब्द संपेनात. सगळं सांगणं अशक्य, म्हणून नियम. आणि नियम करायचाच, तर शक्य तितका थोडक्यात. या थोडक्यातपणाला परंपरेनं ‘लाघव’ हे नाव दिलं. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, हे प्रसिद्ध वचन नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’त अगदी शेवटी येतं. हे नागेशभट्ट काशीत राहणारे, पण घराणं मराठी, आडनाव काळे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या कीलहॉर्न यांनी हा ग्रंथ इंग्रजीत आणला आणि काशीच्या पाठशाळांतली ही काटकसर युरोपच्या अभ्यासकांसमोर गेली.

संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी ही काटकसर करतो तरी कशी? जुन्या चोपड्यांत वरच्या ओळीतला मजकूर पुन्हा लिहायचा नसेल तर कारकून खाली ‘कित्ता’ एवढंच लिहीत. पाणिनी त्याच्याही पुढे जातो : तो ‘कित्ता’ही लिहीत नाही. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात आपोआप चालू राहतो, तो कुठे थांबतो हे जाणकारानं ओळखायचं. हीच अनुवृत्ती. त्याच्या जोडीला ‘घु’, ‘टि’, ‘भ’ असल्या एकाक्षरी संज्ञा. मग उत्सर्ग आणि अपवाद : सर्वसाधारण नियम एकदाच सांगायचा आणि जिथे तो लागत नाही तेवढंच वेगळं नोंदवायचं. हे सगळं करून संस्कृतसारखी अवाढव्य भाषा सुमारे चार हजार सूत्रांत बसवली आहे.

पण खरी करामत सुरुवातीच्या चौदा सूत्रांत आहे, ज्यांना आपण माहेश्वर सूत्रं म्हणतो. वर्णमालेची ही मांडणी क, ख, ग, घ अशी नाही. जे वर्ण नियमांत एकत्र येतात ते शेजारी येतील, अशा बेतानं ती केली आहे. ओळीच्या शेवटी एक खुणेचं व्यंजन. कुठलाही वर्ण घ्या, पुढची कुठलीही खूण घ्या, मधले सगळे वर्ण एका झटक्यात हाताशी येतात. ‘अच्’ म्हटलं की सगळे स्वर, ‘हल्’ म्हटलं की सगळी व्यंजनं. या यादीत ‘ह’ मात्र दोनदा येतो. इतक्या काटकसरी माणसानं एक अक्षर दोनदा का लिहावं, याचा काथ्याकूट टीकाकारांनी शतकानुशतकं केला. पुण्याच्या शि. द. जोशी यांच्या गौरवार्थ 1991 साली निघालेल्या ग्रंथात पॉल किपार्स्की यांनी ही सगळी मांडणी लाघवाच्याच तत्त्वातून निघते, असं दाखवलं. 2004 मध्ये जर्मनीतल्या वीब्के पीटरसन यांनी तर गणितानं सिद्ध केलं की पाणिनीला जे वर्णगट हवे होते, ते मिळवायचे तर एक वर्ण दोनदा घेण्याला इलाज नाही, आणि चौदापेक्षा कमी खुणांत काम भागत नाही. म्हणजे ती उधळपट्टी नव्हतीच. तेवढा खर्च करणं भागच होतं.

मात्र थोडक्यात असणं म्हणजे सोपं असणं नव्हे. पाणिनीनं वाचवलेली प्रत्येक मात्रा विद्यार्थ्याच्या खात्यात खर्ची पडते. याविषयीची सर्वांत चांगली कथा आपल्याच गोदाकाठची आहे. प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी म्हणाली, माझ्यावर पाणी उडवू नका. संस्कृतात ‘मा उदकैः’, संधी होऊन ‘मोदकैः’. राजानं मोदकांची ताटं मागवली. राणी हसली आणि राजा शरमेनं अंथरुणाला खिळला. व्याकरण शिकायला लोकांना बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो, असं राजाचा मंत्री गुणाढ्य यानं सांगितलं. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरे. नाही जमलं तर बारा वर्षं तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन. गुणाढ्याचीही पैज होती : तुला जमलं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा मी सोडीन. शर्ववर्मा जिंकला. गुणाढ्यानं शब्द पाळला आणि उरलेल्या पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ लिहिली. हे सगळं अकराव्या शतकातला काश्मिरी सोमदेव ‘कथासरित्सागरा’त सांगतो. तेव्हा इतिहास म्हणून त्यावर विसंबता येत नाही, पण शर्ववर्म्याचं व्याकरण खरंच आहे. त्याचं नाव ‘कातंत्र’, अर्थात छोटं तंत्र.

कातंत्रात सूत्रं पाणिनीपेक्षा पुष्कळ कमी. पुढे जोडलेला भाग धरूनही दीड हजाराच्या आत. पण त्याचा सोपेपणा या आकड्यात नाही. शर्ववर्म्यानं माहेश्वर सूत्रांचं यंत्र बाजूला ठेवलं, ‘अच्’ऐवजी सरळ ‘स्वर’ म्हटलं, वैदिक भाषा वगळली आणि विषयवार मांडणी केली : आधी संधी, मग नाम, मग क्रियापद. एकेक सूत्र मोजलं तर ‘स्वर’ हा शब्द ‘अच्’पेक्षा महाग पडतो. शिकणाऱ्याला मात्र तो स्वस्त. हे व्याकरण पुढे बंगालात, काश्मिरात आणि तिबेटात रुजलं; त्याचे तुकडे मध्य आशियाच्या वाळवंटातल्या हस्तलिखितांतही मिळाले. जिथे ते रचलं गेलं असं कथा सांगते, त्या मुलखानं मात्र पाणिनीच धरून ठेवला. आपल्याला अवघडाची आवड आहे की पाठांतराची, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर आजच्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन लागतं. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. इथल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली, हस्तिदंती मूर्तीही मिळाली. त्याहून मोलाची गोष्ट दूर मध्य भारतात आहे : सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. असे लेख बहुधा एका ठशाचे असतात, ‘अमक्याचं दान’. भाषा प्राकृत, आणि दात्याच्या नावाला षष्ठीचा प्रत्यय. संस्कृतातल्या ‘-स्य’चा प्राकृतात ‘-स्स’ झाला. या कोरीव लेखांत तो नुसता ‘स’ दिसतो.

एवढ्याशा ‘स’मध्ये आपल्या कामाची गोष्ट आहे. प्राकृतानं कुणा वैयाकरणाला न विचारता स्वतःच काटछाट केली. द्विवचन टाकलं. चतुर्थी षष्ठीत विरघळली. पुढे जूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकानं मराठीच्या घडणीवरच्या 1920 सालच्या ग्रंथात दाखवलं की मराठीतलं सामान्यरूप, ‘देवाला’, ‘देवाचा’ यांतलं ‘देवा-’, याच जुन्या षष्ठीचा अवशेष आहे. म्हणजे सांचीच्या दगडावर भोकरदनच्या दात्यामागे लागलेला प्रत्यय आज जालन्याच्या मोंढ्यात कापसाला, सोयाबीनला ‘भाव काय’ म्हणून विचारणाऱ्याच्या तोंडी, झिजून का होईना, शिल्लक आहे.

आता हिशेब मांडू. ‘घोडा’ घ्या. तक्त्याप्रमाणे आठ विभक्ती, दोन वचनं, सोळा घरं. प्रत्यक्षात शब्दाची रूपं किती? घोडा, घोडे, घोड्या-, घोड्यां-. चार. ‘घोड्या-’ एकदा तयार झालं की त्याला ला लावा, ने लावा, चा लावा, साठी लावा, वर लावा, पासून लावा. ‘ला’ला विभक्ती प्रत्यय म्हणायचं आणि ‘साठी’ला शब्दयोगी अव्यय, हा भेद करायला शब्दाच्या रूपात काही आधार सापडत नाही. चार रूपं आणि मागे लागणाऱ्या शब्दांची एक यादी, एवढ्यात बहुतेक काम होतं. ‘घरी’, ‘दारी’ अशी काही जुनी रूपं उरतात. त्यांची वेगळी नोंद करायची.

द्वितीया आणि चतुर्थी वेगळ्या हव्यात, याच्या बाजूनंही एक मुद्दा आहे. ‘मी पुस्तक वाचतो’ यात कर्माला प्रत्यय नाही. ‘मी मुलाला पुस्तक देतो’ यात ज्याला द्यायचं त्याला ‘ला’ हवाच. दोघांची वागणूक वेगळी, हे खरं. पण तो फरक अर्थाच्या भूमिकांचा आहे, प्रत्ययांचा नाही. आणि नेमका हाच भेद पाणिनीनं सर्वांत स्वच्छ केला होता : कर्म, संप्रदान ही कारकं वेगळी आणि विभक्ती वेगळ्या. संस्कृतात ‘रामम्’ आणि ‘रामाय’ ही रूपं भिन्न, म्हणून विभक्ती भिन्न. द्विवचनात तृतीया, चतुर्थी, पंचमी यांचं रूप एकच असलं, तरी एकवचन त्यांना वेगळं ठेवतं. मराठीत ना एकवचन वेगळं ठेवतं, ना अनेकवचन. पाणिनीच्याच पद्धतीनं विचार केला तर इथे विभक्ती एक आणि कारकं दोन, असं म्हणून वैयाकरण मोकळा झाला असता. आपण पाणिनीची घरं उचलली, काटकसर तिथेच ठेवली. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं आणि त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ ही पदवी मिळाली. ते काम डोंगराएवढं, त्याबद्दल दुमत नाही. पण मो. के. दामल्यांच्या 1911च्या व्याकरणापासून अरविंद मंगरूळकर आणि कृ. श्री. अर्जुनवाडकरांपर्यंत एवढी चर्चा होऊनही शाळेच्या तक्त्यातल्या त्या दोन जुळ्या ओळी हलल्या नाहीत, हे नवल आहे.

एक ओळ वाचली तर काय मोठं, असं कुणी म्हणेल. कागद वाचवणं हा इथे मुद्दाच नाही. जालन्याहून जाफ्राबादमार्गे बुलढाण्याकडे सरकत गेलं की ‘मला’चं ‘मले’ होतं, ‘घोड्याला’चं ‘घोड्याले’. तक्ता मानला तर द्वितीयेत एक बदल झाला आणि चतुर्थीतही नेमका तोच बदल झाला. हा योगायोग कसा, ते सांगता येत नाही. प्रत्यय एकच मानला तर बदलही एकच, आणि ‘घोड्या-’ जागच्या जागी. एकच गोष्ट दोनदा लिहिणारं व्याकरण लांब तर होतंच, शिवाय ते भाषेबद्दल चुकीची गोष्ट सांगतं.

नोम चॉम्स्की यांच्या विचाराची सुरुवात जवळपास इथूनच होते. 1951 सालच्या हिब्रूवरील प्रबंधात त्यांनी दोन व्याकरणांतलं अधिक साधं कोणतं, हे मोजायची पद्धत शोधली. 1965च्या पुस्तकात त्यांनी हा प्रश्न मुलावर नेला : कानावर पडणाऱ्या तुटपुंज्या बोलण्यातून मूल अनेक शक्य व्याकरणांपैकी एकच कसं निवडतं? त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत पाणिनीची आठवणही आहे. 1995च्या ‘मिनिमलिस्ट प्रोग्रॅम’मध्ये प्रश्न आणखी खाली उतरला. आता काटकसर पुस्तकाची नाही, शिकणाऱ्याचीही नाही, खुद्द भाषाशक्तीची : दोन घटक जोडायचे, झालेल्या जोडाला पुन्हा काही जोडायचं, आणि मेंदूतलं वाक्यरचनेचं यंत्र बहुतांशी एवढंच. हे किती खरं यावर भाषावैज्ञानिक आजही हमरीतुमरीवर येतात. विरोधकांचा एक आक्षेप मला वजनदार वाटतो : साधेपणा मोजायचा तो कुठल्या मापानं? खुणांची पद्धत बदलली की लांबी बदलते. पाणिनीनं आधी चौदा सूत्रांचा खर्च केला, म्हणून पुढे ‘अच्’ दोन अक्षरांत मिळाला. हिशेब पूर्ण खातं पाहूनच करायला हवा.

आणि आपल्या चार रूपांच्या व्याकरणाचंही खातं पाहायला हवं, कारण तेही फुकट नाही. जालना जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांची नावं घ्या. जालन्याला, मंठ्याला : इथे सामान्यरूप होतं. घनसावंगीला : ईकारान्त नाव, ते तसंच राहतं. पण अंबडला, परतूरला, भोकरदनला, बदनापूरला, जाफ्राबादला. ‘घर’चं ‘घराला’ होतं, तर ‘परतूर’चं ‘परतुराला’ का नाही? अकारान्त गावाच्या नावाला ‘ला’पूर्वी आकार लागत नाही, असा अपवाद लिहावा लागतो, तो लिहिला की माणसांची नावं येतात, तीही ‘सचिनला’, ‘सुरेशला’ अशी सरळ. मग बाहेरून आलेले शब्द येतात. ‘सोफ्याला’, ‘कॅमेऱ्याला’ असं म्हणणारी माणसं आहेत, ‘कॅमेराला’ म्हणणारीही आहेत, आणि ‘डेटा’चं ‘डेट्याला’ करायला कुणी तयार नाही. अपवादांची ही यादी वाढत जाऊन नियमापेक्षा मोठी झाली, तर व्याकरणकाराला उत्सर्ग आणि अपवाद यांची अदलाबदल करावी लागेल : शब्द जसाच्या तसा राहतो हा नियम, आणि ‘घोड्या-’, ‘घरा-’ ही जुनी मंडळी अपवादात.