रथामागे

आषाढी तोंडावर आली की माझा एक फोटो चौकाचौकांत फ्लेक्सवर झळकतो. दिवेघाट, डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी, मागे वळणावळणाने पताका. कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं असतं आणि तिथे हात जोडून कुणीतरी भावी नगरसेवक उभे असतात. तिसऱ्या वर्षी म्हटलं, आता नोंदणी करूनच टाकू.

वकील मैत्रिणीने आधी हवाच काढली. "अरे, शटर दाबलंस तेव्हाच कॉपीराइट तुझा झाला. नोंदणी हा नुसता सकृद्दर्शनी पुरावा." २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी खाद्यतेलाच्या लेबलच्या खटल्यात सांगितलंच होतं की दावा लावायला नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदवहीचा उतारा हातात असला की 'हा फोटो माझाच' हे पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागत नाही. मला तेवढंच हवं होतं.

दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. फॉर्म चौदा. कृतीचा वर्ग: कलाकृती. १९५७च्या कायद्यात फोटो कलाकृतीतच येतो, त्यात कला असो वा नसो. हे वाचून माझ्या व्यवसायातल्या पुष्कळांना धीर येईल. प्रसिद्ध की अप्रसिद्ध? फेसबुकवर टाकला म्हणजे प्रसिद्धच, असं मैत्रीण म्हणाली.

मग मालकाचा रकाना आला आणि मी तिथेच अडकलो. कलम १७ सांगतं की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर करारात वेगळं ठरलं नसेल तेव्हा पहिला मालक तोच. कर्ता मी, मालक गिऱ्हाईक. कपाटातल्या हार्ड डिस्ककडे पाहिलं. अकरा वर्षांची लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, आणि करार म्हणाल तर पावतीपुस्तकातली 'अॅडव्हान्स मिळाला' एवढी ओळ. ज्यांवर माझं घर चाललं ते बहुतेक फोटो माझे नव्हतेच. माझे होते ते कुणी न सांगता, स्वतःच्या पेट्रोलने जाऊन काढलेले.

तेही ढिगाने नोंदवता येत नाहीत. एका अर्जात एकच कृती, शुल्क ५०० रुपये. अमेरिकेत ५५ डॉलरमध्ये एका अर्जावर ७५० फोटोंपर्यंत जातात. आपल्याकडे हजार फोटोंमधून एक निवडायचा, म्हणजे लेकरांतून लाडकं कोण ते सरकारला कळवायचं!

माझं लाडकं ठरलेलं होतं. पण फोटोत व्यक्ती दिसत असेल तर तिचं नाहरकत पत्र लागतं. आजीचं नाव मी विचारलंच नव्हतं. घाट चढणाऱ्या बाईला थांबवून सही मागायची तरी कशी? आणि मग वाटलं, त्या उमेदवारांनी मला विचारलं नाही म्हणून मी चिडलोय, मी तरी तिला कुठे विचारलं होतं?

तूर्त पहाटेच्या धुक्यातल्या रिकाम्या घाटाचा फोटो पाठवला. डायरी क्रमांक मिळाला. आता हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं.

रात्री आजीची मूळ रॉ फाइल उघडली आणि मोठी करत गेलो. मागे एका दिंडीचा फलक अर्धा दिसतो. 'रथामागे' एवढं स्पष्ट वाचता येतं. पुढचा आकडा पताकेने झाकलाय.