हिमस्खलन

हिमस्खलन म्हणजे डोंगरउतारावर साचलेल्या बर्फाचा मोठा भाग सुटून वेगाने खाली घसरणे. त्यास हिमलोट असेही म्हणतात. वस्त्या, रस्ते व लष्करी चौक्या यांबरोबरच आखीव मार्ग सोडून मोकळ्या डोंगरावर स्कीइंग करणारे आणि हिवाळी गिर्यारोहक यांना त्याचा मोठा धोका असतो. अशा प्रवाशांच्या बहुतेक प्राणघातक अपघातांत स्खलन त्यांच्या किंवा सोबत्यांच्या भारानेच सुरू झालेले असते. त्यामुळे धोका आधी ओळखणे हेच मुख्य संरक्षण ठरते.

बर्फाचे थर

प्रत्येक हिमवर्षावाचा स्वतंत्र थर बनतो. थंड, निरभ्र रात्री हवेतील बाष्प बर्फाच्या पृष्ठभागावर गोठून पिसांसारखे नाजूक स्फटिक तयार होतात. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात, डाब परिसरात, कडाक्याच्या थंडीत गवतावर दिसणारे पांढरे दहिवर याच जातीचे. सातपुड्यात ते उन्हाबरोबर नाहीसे होते. हिमालयात मात्र त्यावर नवा बर्फ पडला की ते गाडले जाऊन कित्येक दिवस कमकुवत थर म्हणून टिकते.

वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ अशा थरावर घट्ट बसतो व त्याची लादी बनते. माणसाच्या भाराने खालचा थर मोडला की तडा क्षणार्धात दूरवर पसरतो आणि संपूर्ण लादी निसटते. स्कीपटूंसाठी हाच प्रकार सर्वांत घातक होय. सैल बर्फाचे स्खलन एका बिंदूपासून सुरू होऊन खाली रुंदावत जाते; ते सहसा लहान असते.

उतार व हवामान

लादीची स्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. याहून उभ्या कड्यांवर बर्फ फारसा साचत नाही. उताराच्या पायथ्याशी, सपाटीवर चालणाऱ्याच्या भारानेही वरचा बर्फ सुटू शकतो.

जवळपास नुकतेच झालेले स्खलन, पायाखालून पसरणारे तडे, बर्फ खचल्याचा ‘धप्प’ आवाज, गेल्या एकदोन दिवसांतील मोठा हिमवर्षाव, जोराचा वारा आणि तापमानातील एकाएकी वाढ ही धोक्याची चिन्हे आहेत. सह्याद्रीत दरडींचा धोका मुख्यतः अतिवृष्टीशी जोडलेला असल्याने पाऊस ओसरून ऊन पडणे हे दिलाशाचे लक्षण वाटते. बर्फाळ प्रदेशात हा अनुभव फसवा ठरतो. हिमवर्षावानंतर आकाश निवळलेला पहिला दिवस विशेष धोक्याचा असतो.

भारतातील स्थिती

हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे स्थापन झालेली संस्था २०२० मध्ये संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या चंदीगड येथील प्रयोगशाळेत विलीन करण्यात आली. धोक्याची पातळी पाच टप्प्यांत सांगितली जाते. अनेक अपघात मधल्या, म्हणजे तिसऱ्या पातळीला होतात. कारण तेव्हा चिन्हे ठळक नसतात.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवर हिमस्खलन होऊन दहा जवान गाडले गेले. मृतांत सातारा जिल्ह्यातील सुनील सूर्यवंशी होते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील ‘द्रौपदी का डांडा-२’ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक स्खलनात सापडले. त्यात २९ जणांचा बळी गेला. काश्मीरमध्ये गुलमर्गच्या रोपवेने सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत जाता येते व तेथून अनेक स्कीपटू मोकळ्या उतारांवर उतरतात. अफरवट परिसरात १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला.

बचाव

गाडल्या गेलेल्या व्यक्तीचा मृत्यू बहुधा गुदमरून होतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येते. बाहेरची मदत इतक्या लवकर पोहोचणे दुर्मीळ असल्याने खरी सुटका सोबतीच करतात. त्यासाठी प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर हे संकेत पाठवणारे व पकडणारे यंत्र, बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब काठी आणि फावडे असावे लागते, तसेच ते वापरण्याचा सरावही लागतो. संशयास्पद उतार एकेकाने पार करावा व इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी, असा संकेत आहे.