सागवानी जहाजे आणि मुंबईचे सुतार

नातेपुत्याहून नीरा ओलांडून पलीकडे गेले की वालचंदनगर. समुद्र पार सह्याद्रीपलीकडे, तरी इथल्या कारखान्यात नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स तयार होतात. ज्यांच्या नावाने हे गाव वसले ते वालचंद हिराचंद 1882 साली सोलापुरात जन्मले. दुसरे महायुद्ध पेटल्यावर भारतात जहाजे बांधू द्या म्हणून ते सरकारच्या मागे लागले होते. कोलकात्यात त्यांना जागा मिळाली नाही. शेवटी 21 जून 1941 रोजी विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीची पायाभरणी झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले आणि काम विस्कटले. गोदीचे पहिले जहाज ‘जलउषा’ पाण्यात उतरले ते 1948 साली, युद्ध संपून स्वातंत्र्यही आल्यावर.

हा इतिहास वाचताना एक गोष्ट मनाला लागते. परवानगीसाठी वालचंदांची ही पायपीट चालू होती त्याच काळात, सप्टेंबर 1940 मध्ये, लंडनजवळ थेम्स नदीत एक जुनी सागवानी युद्धनौका जर्मन बॉम्बहल्ल्यात सापडून बुडाली. ती ‘वेलस्ली’. 1815 साली मुंबईच्या गोदीत बांधलेली. म्हणजे जो देश सव्वाशे वर्षांपूर्वी ब्रिटिश आरमाराला लढाऊ जहाजे पुरवत होता, त्यालाच जहाज बांधण्यासाठी अर्ज करत फिरावे लागत होते. या सव्वाशे वर्षांत काय घडले, ते समजून घ्यायला मुंबईच्या सुतारांपर्यंत मागे जावे लागते.

लाकडी आरमाराच्या काळात तोफा विकत मिळत, दारूगोळा मिळे. जाणता कारागीर मात्र सहज मिळत नसे. शिवाजी महाराजांना हा अनुभव अगदी सुरुवातीलाच आला. 1659 च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे त्यांची जहाजे बांधली जात होती आणि त्या कामावर रुय लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज जाणकार आपल्या माणसांसह होता. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल हे वसईच्या पोर्तुगीजांनी ओळखले आणि आपली माणसे गुपचूप फोडून परत नेली. महाराजांचे काम त्यामुळे थांबले नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या हातांनी ते पुढे गेले आणि आंग्र्यांच्या काळात विजयदुर्गाच्या आसऱ्याने भरभराटले. वाघोटन खाडीत खडक फोडून केलेली गोदी आजही तिथे आहे. गुराबे दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळेवरून थेट समोर तोफा डागणारी. गलबते हलकी, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की गलबतांनी गुराबांना ओढून न्यायचे, ही आंग्र्यांची रीत. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज आणि पेशवे एकत्र येऊन तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले आणि हे आरमार विजयदुर्गाच्या बंदरातच जळाले. आपल्या हाताने आपण काय जाळून घेतले, याची पुरेशी चर्चा मराठीत अजूनही होत नाही असे मला वाटते.

इंग्रजांनी मात्र वीस वर्षे आधीच मुंबईत आपले सुतार आणून ठेवले होते. ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नावाचा अधिकारी जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेला गेला असता तिथल्या एका पारशी मुकादमाची हातोटी त्याच्या नजरेत भरली. तो मुकादम म्हणजे लवजी नसरवानजी वाडिया. 1736 साली दहाएक सुतार बरोबर घेऊन लवजी मुंबईला आले. एवढ्याशा चमूपासून सुरू झालेले हे काम त्यांच्या घराण्याने पुढची जवळजवळ दीडशे वर्षे सांभाळले. 1750 मध्ये मुंबईत कोरडी गोदी झाली. भरतीला जहाज आत घेऊन पाणी ओसरल्यावर तळ तपासता येईल अशी सोय तेव्हा आशियात दुर्मीळ होती.

या घराण्याला खरे काम मिळाले ते नेपोलियनशी चाललेल्या युद्धात. ब्रिटिश आरमाराची जहाजे ओक लाकडाची, आणि एका मोठ्या युद्धनौकेला ओकची हजारो झाडे लागत. इंग्लंडची राने त्या मागणीला पुरेनात. शिवाय ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जात. सागवानाचे उलट होते. त्यातल्या तेलाने लोखंड टिके, वाळवी लांब राहे आणि जहाज दुपटीने जगे. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली 74 तोफांची ‘मिंडेन’ 1810 मध्ये पाण्यात उतरली. ब्रिटनबाहेर बांधलेली राजआरमाराची पहिली मोठी युद्धनौका म्हणून तिचे नाव घेतले जाते. 1813 मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ झाली. चीनला हाँगकाँग सोडायला लावणारा 1842 चा नानकिंगचा तह हिच्याच फळीवर झाला.

‘त्रिंकोमाली’ची हकिगत तर युद्धकाळातल्या पुरवठ्याचा नमुनाच आहे. 1812 मध्ये तिची मागणी नोंदवली गेली. नकाशे घेऊन ‘जावा’ नावाचे जहाज मुंबईकडे निघाले आणि ब्राझीलजवळ अमेरिकनांच्या हाती पडून नष्ट झाले. नव्या प्रती यायला वेळ गेला, 1816 मध्ये पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, बसले, आणि जमशेटजींनी पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला. ऑक्टोबर 1817 मध्ये ती पाण्यात उतरली तेव्हा जिच्यासाठी ती मागवली ती लढाई संपून दोन वर्षे झाली होती. खर्च सुमारे 23 हजार पौंड. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभी आहे आणि तिचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे, मलबारी सागाचे आहे.

या सागवानाची किंमत रानांनी मोजली. आरमाराची गरज भागवायची म्हणून कंपनीने मलबारचा साग आपल्या ताब्यात घेतला आणि 1806 मध्ये कॅप्टन वॉटसन याला वनसंरक्षक नेमले. भारतातली ही अशी पहिली नेमणूक. ‘संरक्षक’ हे नाव मोठे गोड, पण संरक्षण झाडांचे नव्हते, जहाजांच्या लाकडाचे होते. स्थानिक व्यापारी आणि शेतकरी त्रासले, तक्रारी वाढल्या आणि 1823 मध्ये हे पदच बंद करावे लागले. मलबारमधल्या नीलंबुरला कोनोली नावाच्या अधिकाऱ्याने सागाची लागवड सुरू केली ती 1840 च्या दशकात. आपल्या वनखात्याच्या इतिहासाचे एक मूळ अशा रीतीने मुंबईच्या गोदीत सापडते.

युद्ध संपताच सूर बदलला. थेम्सकाठच्या जहाजबांधणाऱ्यांना भारतीय जहाजांची स्पर्धा आधीपासूनच सलत होती. 1815 च्या कायद्याने अटी घातल्या: भारतीय लास्करांना, म्हणजे इथल्या खलाशांना, ब्रिटिश खलाशी धरायचे नाही, आणि ब्रिटिश खलाशांचे ठरावीक प्रमाण नसेल तर जहाजाच्या हक्कांवर गदा. अडचणीच्या दिवसांत हात पुढे करून घेतलेल्या कारागिरांना सोयीच्या दिवसांत दार बंद केले गेले.

खुद्द वाडिया स्वस्थ बसले नव्हते, हे सांगायलाच हवे. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेहरवानजी हे दोन तरुण 1838 मध्ये वाफेच्या जहाजांची विद्या शिकायला इंग्लंडला गेले आणि तिथल्या अनुभवांचे पुस्तकही त्यांनी 1841 मध्ये काढले. त्याच वर्षी त्यांचे नातलग अर्देशिर कर्सेटजी रॉयल सोसायटीचे फेलो झाले. लाकडाचे दिवस सरत आले हे या घराण्याने इतरांच्या आधी ओळखले होते. पण इंजिने, लोखंडी पत्रे आणि भांडवल बाहेर होते. ते मुंबईत उभे करण्याचे धोरण राज्यकर्त्यांकडे नव्हते आणि धोरणाशिवाय ते एका घराण्याच्या आवाक्यातले नव्हते.

मुंबईची शेवटची मोठी लाकडी युद्धनौका ‘मिआनी’. 1843 मध्ये सिंधमध्ये इंग्रजांनी जिंकलेल्या लढाईचे तिला नाव. 80 तोफांची ही नौका 1848 मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. वाफेचे इंजिन तिला नऊ वर्षांनी बसवले गेले, तेही इंग्लंडमध्ये.